पुण्याच्या हवेवर पास होऊ घातलेलं वसतिगृह

गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्याची दीप्ती नंदागवळी शाळेत असताना तिरोड्याच्या एका वसतिगृहात राहायची. वरच्या मजल्यावरच्या मुली एप्रिलात फरशीवर पाणी ओतून झोपत. एकदा तिची मैत्रीण रीना उकाड्याने भोवळ येऊन पडली. वॉर्डन म्हणाली, "नखरे हायेत." दीप्ती ते विसरली नाही.

पुढे इंजिनियर होऊन ती नागपूरच्या एका सल्लागार कंपनीत लागली. इमारत बांधण्याआधीच ती वर्षभर किती तापेल, हे संगणकावर काढायचं तिचं काम. त्यासाठी त्या जागेच्या हवामानाची फाइल लागते. तासातासाचं तापमान, दमटपणा, ऊन, वारा.

२०१२ मध्ये गोंदियाच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम आलं. ऑफिसात गोंदियाची फाइल नव्हती. दीप्तीने जवळची म्हणून नागपूरची लावली. संगणकावर वरच्या खोल्या चाळीस अंशांपार गेल्या, म्हणजे रिपोर्ट नापास.

कंपनीचे मालक चंद्रशेखर म्हणाले, "पुण्याची लाव. तेही महाराष्ट्रातच आहे. रिपोर्ट पास होतो."

तिचं डोकं फिरलं. रविवारी तिने गोंदियाजवळचं भातसंशोधनाचं शेत गाठलं. तिथले कर्मचारी केशोराव १९९९पासून रोज दोनदा तापमान अन् दमटपणा वहीत लिहीत होते.

"एवढ्या वर्षांत कोनी मांगलंच नाही, बाई," ते म्हणाले. "मी आपला लिहूनच राहिलो."

दीप्तीने वह्या पडताळल्या. उन्हाळा नागपूरसारखाच होता. पण पावसाळ्यात भाताच्या बांध्या पाण्याने भरल्या की हवा नागपूरहून ओली. रिपोर्टात सुचवलेले पाण्याचे कूलर ओल्या हवेत गारवा देत नाहीत; ते तेव्हा निव्वळ डबे ठरणार होते.

सरकारी अधिकाऱ्यांसोबतच्या बैठकीत चंद्रशेखर यांनी पडद्यावर एप्रिलची खोली दाखवली: एकतीस अंश. दीप्ती ताडकन उठली.

"हे पुण्याचं हाय! गोंद्याच्या पोरी का पुण्याले जाऊन झोपनार हायेत?"

चंद्रशेखर हसले. "मॅडम थकल्या आहेत."

"थकली नाही, चिडली हावो मी!" तिने केशोरावांचे आकडे टेबलावर आपटले. सरकारी इंजिनियर सुलोचनाबाईंनी ते शांतपणे वाचले आणि रिपोर्ट नामंजूर करून परत केला.

दुसऱ्या दिवशी दीप्तीची नोकरी गेली. वसतिगृहाचा आराखडा मात्र कंपनीला बदलावा लागला. खिडक्यांवर रुंद छज्जे आले, समोरासमोर झरोके आले, गच्चीवर पांढऱ्या फरश्या बसल्या. इमारत २०१४ मध्ये उभी राहिली.

वर्षभराने कंपनीचं माहितीपत्रक तिच्या हाती पडलं. त्यात त्याच वसतिगृहाचा फोटो होता अन् खाली ओळ: 'स्थानिक हवामानाचा आमचा सखोल अभ्यास.' दीप्तीने तिथल्या तिथे चंद्रशेखर यांना फोन लावला आणि पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीच्या बोलीत जे सुनावलं, ते छापण्यासारखं नाही.