कमानीवरचे तीन जर्मन शब्द

बारामतीच्या एका कारखान्यात मी वीसेक वर्षं जर्मन यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत आणली. त्यातलं सगळ्यात भीतिदायक वाक्य ‘झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा’ हे होतं. त्यामुळे अंथुर्ण्याजवळच्या एका फळनिर्यात संस्थेच्या सचिवांनी मोबाइलवर एक ओळ पाठवून ‘जर्मनमध्ये करून द्या, पाहुणे येणार आहेत, कमानीवर लावायची आहे’ असं कळवलं, तेव्हा मी निवांत चष्मा लावला.

‘कष्टच माणसाला मुक्त करतात.’

ओळ संस्थेच्या दिवंगत संस्थापकांची, आबांची. लेटरहेडवर असते, डाळिंबाच्या खोक्यांवरही असते. तिचं जर्मन डोक्यात आपोआप जुळलं आणि मी चष्मा काढून ठेवला. आरबाइट माख्ट फ्राय. नाझींनी छळछावण्यांच्या लोखंडी फाटकांवर हेच तीन शब्द लावले होते. माणसं त्यांच्याखालून आत गेली आणि बहुतेक परत आली नाहीत.

मी उत्तर लिहिलं, ‘हे कृपया लावू नका. कारण भेटून सांगतो.’ नाझी हा शब्द मोबाइलवर लिहायचीही मला भीती वाटली. त्यात भेटायला जायला मी चार दिवस लावले. सचिवांनी अर्थ काढला, की म्हातारा मानपानासाठी अडून बसलाय. त्यांनी तीच ओळ मोबाइलला विचारली. मोबाइलला मानपान नसतो.

पाचव्या दिवशी स्कूटरवर भवानीनगर मागे टाकून पोचलो, तर कमान लांबूनच दिसली. तेच तीन शब्द, पत्र्यातून कापलेली काळी अक्षरं वेल्डिंग करून बसवली होती. खाली भलामोठा फ्लेक्स. संस्थापक, अध्यक्ष, संचालक, आणि कोपऱ्यात फेटा बांधलेला मी. पुतण्याच्या लग्नातला तो फोटो त्यांनी माझ्या व्हॉट्सॲपवरून उचलला होता. खाली लिहिलं होतं, ‘जर्मन अनुवाद : विशेष सौजन्य’. पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला येणार होते.

डाळिंब निवडणाऱ्या बायका डोक्याला जाळीच्या टोप्या लावून, हातात डबे घेऊन त्या अक्षरांखालून आत चालल्या होत्या. कुणीतरी विनोद केला असावा, हसत होत्या. मला स्कूटर स्टँडवर लावता येईना.

अध्यक्ष म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव. त्यांना सगळे दादा म्हणतात. केबिनमध्ये दोन संचालक चहा घेत बसले होते.

“दादा, ती ओळ उतरवा.”

“का? चुकलीय का कुठं?”

“चुकली नाही. तीच तर भीती आहे.”

मग सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज कापत होता, आणि ऐकणाऱ्यांना ते वयाचं वाटत होतं. एका संचालकांचं मत पडलं, की वाक्य त्यांच्याच देशातलं असेल तर पाहुणे उलट खूश होतील. दादा मात्र लाल झाले.

“म्हंजी माझा बाप जन्मभर खुन्यांचं वाक्य बोलत व्हता?”

मी म्हणालो, आबांचं वाक्य आबांचंच आहे, मराठीत खुशाल राहू द्या. जर्मनमध्ये ते दुसऱ्यांनी आधीच नासवलंय.

“ह्ये ठरवणारं तुमी कोन?”

मी मोबाइलवर त्या फाटकाचा जुना फोटो शोधून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला. आधी अक्षरं पाहिली, मग फाटकापाशी उभी असलेली माणसं, एकेक करून. मग खिडकीतून बाहेर पाहिलं.

“कापा त्ये,” ते सचिवांना म्हणाले. मला चहा विचारला नाही.

ग्राइंडरनं अक्षरं उतरली, पण त्यांच्या जागी रंग जळून तीन काळपट पट्टे राहिले. पट्ट्यांची लांबी शब्दांएवढीच होती. नवा रंग सकाळपर्यंत वाळेल याची खात्री कुणी देईना, म्हणून पट्टे झाकायला वर झेंडूच्या माळा सोडल्या. माझा फोटोही काढा, असं मी सचिवांना विनवलं. ते म्हणाले, “राहू द्या की सर. आता अनुवादच न्हाय, तर फोटोनं कुनाचं काय बिघडतंय?”

सकाळी तीन पाहुणे आले. दुभाषा म्हणून मी होतोच. त्यांच्यातल्या वयस्कर बाई कमानीखाली थांबल्या आणि वर बघत राहिल्या. वाऱ्यानं माळा हलत होत्या. इथे आधी काय लिहिलं होतं, असं त्यांनी मला जर्मनमध्ये विचारलं.

“काय म्हनत्यात बाई?” दादांनी विचारलं.

बाईंना मी सांगितलं, संस्थेचं जुनं नाव होतं, गंजलं म्हणून उतरवलं. दादांना सांगितलं, फुलांची चौकशी करतायत.

दादा खुलले. “मग ह्यातल्याच दोन माळा काढून घाला की त्यांच्या गळ्यात,” म्हणाले, आणि एकाला शिडी आणायला पिटाळलं.

परक्या बाईचा हात मी जन्मात धरला नव्हता. त्या दिवशी धरला, आणि शिडी यायच्या आत त्यांना जवळजवळ ओढत डाळिंबांकडे नेलं.