राजाच्या चेहऱ्यावरचा रंग

राजा पडला आणि पोरं हसली. त्यांना वाटलं, खेळातच आहे.

भंडारदऱ्याच्या अलीकडं एका शाळेत आमचा बाहुल्यांचा कार्यक्रम चालू होता. विषय दारूबंदीचा. राजा दरबारात हुकूम सोडणार, तेवढ्यात तोंडावर आपटला. ढोलकी आणि आवाज माझ्याकडं असतो. मी लगेच म्हणालो, "महाराज, सकाळी सकाळीच घेतली का?" वेळ निभावली.

पडद्यामागं माझा जोडीदार याकोब उजवा हात बगलेत दाबून उभा होता. उरलेला खेळ त्यानं डाव्या हातानं उरकला.

टेम्पोत बसल्यावर मी सुरू झालो. "तीस वर्षांत राजा पडला न्हाई."

"दोरी घसरली."

"दोरी घसरत न्हाई, ध्यान घसरतं."

"व्हय," एवढंच म्हणाला. संगमनेर येईपर्यंत मी त्याला ऐकवत राहिलो.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण अक्षर असं, की मास्तर लोक रस्त्यात थांबून माझे बोर्ड वाचायचे. दुकानाच्या पाट्या, तमाशाची पोस्टरं, निवडणुकीच्या भिंती, सगळं केलं. मग फ्लेक्स आला. कुणी म्हणालं, कॉम्प्युटर शीक. मी शिकलो नाही. बाहुल्या तेवढ्या राहिल्या.

बाहुल्यांची डोकी याकोबनं कोरलेली. पांगाऱ्याचं लाकूड, कारण ते वजनाला हलकं. चेहरे मी रंगवलेले. आमच्या बाहुल्या दोरीवरच्या. दोऱ्या वर एका लाकडी फुलीला बांधतात, आणि ती फुली धरून माणूस तासभर हात पुढं करून उभा राहतो. सगळा भार मनगटावर आणि खांद्यावर. तो माणूस म्हणजे याकोब.

पंधरा दिवसांनी नगरला कार्यक्रम होता. तिथल्या सरकारी ऑफिसातल्या मॅडमनी सांगितलं होतं, हा साहेबांना आवडला तर जिल्हाभर शाळांत फिरवू. म्हातारपणी एवढं काम आमच्याकडं दुसरं कुठून येणार? आणि याकोब दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणतो, "नगरला दुसरा कुनी बघ."

"का? साहेब लोकांपुढं लाज वाटती?"

"तसं समज."

मी म्हणालो, जा मग. तो गेला. त्याचा चहा तसाच राहिला.

मग मी राजा दुरुस्तीला घेतला. पडून त्याच्या नाकाचा टवका उडाला होता. बघतो तर टवका करंगळीएवढा जाड. कडेला रंगाच्या रेघा, एकावर एक. गुलाबी, लांबी, गुलाबी, परत लांबी. लांबी म्हणजे खड्डे भरायचा लगदा. मी रेघा मोजायला लागलो. बावीसपर्यंत मोजल्या, पुढं त्या एकमेकींत मिसळल्या होत्या.

त्या सगळ्या माझ्या. दरसाल जत्रा सुरू व्हायच्या आधी मी प्रत्येक चेहऱ्याला नवा ऑइलपेंट द्यायचो. बोर्डाचा जुना रंग आधी खरवडून काढतात, पेंटरच्या धंद्यातली ती पहिली गोष्ट. बाहुल्यांना मात्र मी कधी खरवडायचा पत्रा लावला नाही. खाली माझंच काम. ते माझ्या हातानं कसं काढायचं? म्हणून वरून देत गेलो.

लाकडी हातोडीनं हळू ठोकलं. गालासकट अर्धा चेहरा करवंटीसारखा निघाला. बाकीचाही सोडवला. आत याकोबचं कोरीव काम होतं तसं. पापण्यासुद्धा. मी एवढी वर्षं त्या पापण्या बुजवून वर ब्रशनं नव्या काढत होतो. शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर निघालेला रंग आणि डोकं, दोन्ही ठेवून बघितलं. रंगाचं वजन डोक्यापेक्षा जास्त भरलं.

तसाच याकोबकडं गेलो. तो चर्चला गेला होता. वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. मी टवका पुढं केला. त्यांनी हातात घेतला नाही.

"दोन वर्सं झाली खांद्याला," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनी नगरला फोटो काढला. आतली शीर तुटलीय म्हनाले, काम बंद करा. रातच्याला हात उशीवर ठेवून झोपत्यात. शर्टात हात मी घालून देते."

"मला कसं न्हाई सांगितलं?"

"त्यांनाच इचारा."

याकोब आला. टवका बघून ओळखला. बसला.

"जड हुतं तर बोलायचं न्हाई का?"

"बोल्लो हुतो. लई वर्सं झाली. तू म्हनालास, रंगाचं मला शिकवू नको."

मला आठवत नव्हतं. पण मी म्हणालो असणार. तसं मी सगळ्यांनाच म्हणतो.

"मग परत बोलायचं."

"परत कशाला? तुजे बोर्ड गेल्ते. भिंती गेल्त्या. एक ही तोंडं राहिली हुती रंगवायला."

वहिनी तांदूळ घेऊन आत गेल्या.

मी अकरा बाहुल्या खरवडल्या. बरेच दिवस लागले. याकोबच्या कोरणीला धक्का लागू नये म्हणून शेवटी शेवटी बोटाच्या नखानं काढलं. डिंकात कालवलेला पातळ रंग एकदाच दिला. राजा घेऊन त्याच्या घरी गेलो. त्यानं फुली उजव्या हातात घेतली. कमरेपर्यंत आली. तिथं थांबली. त्यानं डाव्या हातानं कोपराला आधार दिला, तरी पुढं येईना. राजा जमिनीवर बसलेलाच राहिला.

"हलका झालाय रे," तो म्हणाला. "पहिल्यासारखा."

मग फुली माझ्या हातात दिली. मी ती नीट धरूसुद्धा शकत नाही, मला कधी शिकायची गरज पडली नव्हती.

नगरच्या मॅडमना फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "हरकत नाही काका, व्हिडिओ लावू." बाहुल्या आता माझ्या खोलीत खिळ्यांना टांगून आहेत. रंग छान बसलाय.

धंद्यातल्या नव्या लोकांना एक सांगतो. आपण केलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात राहणार असेल, तर त्याला विचारावं, जड होते का. तो नाही म्हणाला, तर त्याच्या हातातून घेऊन तासभर आपण धरून बघावी.