दुर्बिणीची घुंडी

"घुंडीला हात लावायचा न्हाय!"

बारामतीच्या रेंजवर पाऊल टाकलं की पहिलं हे ऐकू यायचं. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस आम्हाला नेमबाजी शिकवायचा. म्हणजे ओरडायचा. समोर मी त्याला आबा म्हणायचे, मनात एकेरीच. तुमच्याही वाट्याला असा एखादा आला असेलच.

रायफलवरच्या दुर्बिणीला दोन घुंड्या असतात. वरची फिरवली की गोळी वरखाली सरकते, बाजूची फिरवली की डावीउजवीकडे. चांगली घुंडी बोटाला प्रत्येक टक वेगळा मोजून देते. अशी दुर्बीण क्लबकडे एकच होती, आणि ती तो एका बड्या साहेबाच्या मुलाला द्यायचा. माझ्या दुर्बिणीची बाजूची घुंडी भिजलेल्या बिस्किटासारखी. चार टक फिरवावेत तर गोळी जागची हलायची नाही, पाचव्याला भलतीकडेच जायची.

"आबा, गोळी डावीकडं जातीया. घुंडी जरा बघता का?" मी एकदा म्हणाले.

"भाजी तोडायच्या बोटांना घुंडी कळती व्हय? गप घोडा दाब."

गावाकडे, बावड्याला, आमची वांग्याची शेती होती, ते त्याला बरोबर ठाऊक. अंगाचा तिळपापड झाला. मग मी नेमच दोन बोटं उजवीकडे धरायला लागले. गोळी मधोमध! वर्षभर अशीच मारत होते, आणि तो माझा निशाण्याचा कागद बघून नाक मुरडायचा. कसं जमतं हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा माझ्या बोटांवरून बोलणं निघालं असतं.

पुण्याच्या स्पर्धेसाठी क्लबातून एकाची निवड व्हायची होती. "झाली तर जा, न्हाय तर बंदूक बास," वडिलांनी बजावलं होतं.

निवडीच्या दिवशी मी नेहमीसारखा नेम धरला. कागद हातात आला. पाचही भोकं शर्टाच्या बटणाखाली झाकतील इतकी जवळजवळ, पण मधल्या काळ्या गोलाच्या दोन बोटं उजवीकडे.

तो कागदाकडे बघतच राहिला. "घुंडी खोलून नीट केली मी काल," तो पुटपुटला. "स्प्रिंग बदलली. आता सरळ मारती ती."

"मग मला सांगितलं का न्हाय?"

"तू तरी कुठं सांगितलंस, नेम बाजूला धरती म्हणून?"

"तुमी इचारलं हुतं का कधी?"

तो वळला आणि निवड करायला बाहेरून आलेल्या साहेबांपुढे चक्क हात जोडून उभा राहिला. "साहेब, चूक माझी हाय. पोरीला अजून पाच गोळ्या द्या." साहेबांनी नकार दिला. पुण्याला गेला तो बड्या साहेबाचा मुलगा.

तो राहायला इंदापूरला, त्यामुळे परतीच्या एसटीत माझ्या पुढच्याच सीटवर होता. इंदापूरपर्यंत एकदाही मागे वळला नाही. स्टँडवर उतरून त्याने बावड्याची गाडी मला हाताने दाखवली आणि तिथेच घुटमळला. मी गाडीत चढले.

त्यानंतर तो रेंजवर आला नाही, मीही नाही. काही वर्षांनी तो गेल्याचं कळलं. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, मी धरते. साहेबांपुढे जोडलेले ते हात आठवतात, हेही खरं. पण चुकलं हा शब्द तो मला उद्देशून एकदाही बोलला नाही, आणि आता बोलायला तो उरलेला नाही.