कल्हई केलेले तपेले

इतकी वर्षे झाली, तरी ते प्रकरण माझा पिच्छा सोडत नाही. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. शिक्के नवे आले होते, पाण्याचे टँकर मात्र जुनेच, आणि तेही उदगीर भागात आठवड्यातून दोनदा. मी तिथल्या एका ठाण्यात फौजदार होतो.

एक दिवस टपालात निनावी कार्ड आले, ‘सुनेने सासऱ्याला विष घालून मारले.’ निनावी कार्ड लिहिणारा सहसा शेजारचाच असतो, आणि त्याला निम्मेच माहीत असते. पण दुर्लक्ष करता येत नव्हते. म्हातारा तीन आठवडे पोटातल्या कळांनी तळमळून दवाखान्यात वारला होता. घर लिंगायतांचे, त्यामुळे दहन नव्हे, दफन झालेले. तहसीलदारांसमक्ष प्रेत उकरून काढले, व्हिसेरा आणि हाडाचा तुकडा प्रयोगशाळेला पाठवला. म्हातारा रोज आंबील प्यायचा, म्हणून घरातले आंबिलीचे तपेलेही जप्त केले.

घरात माणसे दोनच होती, म्हातारा आणि सून. तिचा नवरा हैदराबादला हमालीला. पोलीस पाटलांच्या पत्नीला शेजारी बसवून मी जबाब घेतला.

“आंबील कोण करायचं?”

“मीच की, साहेब.”

“तू प्यायचीस का?”

“न्हाई.”

झाले! एवढ्यावर मी तिला अटक केली. ती रडली नाही, हेही मी तिच्याविरुद्धच धरले. आज त्याची लाज वाटते. रडणारी बाई ढोंगी आणि न रडणारी निगरगट्ट, असा आमचा तेव्हाचा हिशेब.

प्रयोगशाळेकडे मी सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची, तपासणी मागितली होती. अहवाल आला, सोमल नाही. मी चिडून थेट तिथे गेलो. तिथले रसायनतज्ज्ञ शांत गृहस्थ होते. त्यांनी मला यंत्र दाखवले. नमुना आम्लात विरघळवून ज्योतीत फवारतात आणि ज्योतीतून दिव्याचा प्रकाश सोडतात. जो धातू शोधायचा, त्याच धातूचा दिवा. नमुन्यात तो धातू असेल तर तेवढा प्रकाश शोषला जातो, आणि त्यावरून प्रमाण कळते.

“यंत्र आपणहून काही सांगत नाही, साहेब. तुम्ही विचाराल त्याचंच उत्तर देतं. दवाखान्याचे कागद वाचलेत का?”

वाचले नव्हते. तिथेच वाचले. डॉक्टरांनी लिहिले होते, हात लुळे, हिरड्यांवर निळसर रेघ.

“ही तर शिशाच्या विषाची लक्षणं. मग शिशाचा दिवा लावू या,” ते म्हणाले.

हाडात शिसे निघाले. तपेल्याच्या कल्हईतही निघाले, भरपूर. कल्हईवाला दोन दिवसांत सापडला.

“कथलात शिसं घातलं की झटकन पसरतंय, साहेब. लई जण घालत्यात. पर आंबील कुनी तपेल्यात ठिवतंय व्हय? ती तर मडक्यात असती!”

त्याचे खरे होते. आंबट पदार्थ दिवसचे दिवस त्या भांड्यात राहिला, की शिसे त्यात उतरणारच. मी सुनेला विचारले.

“मडकं पानी पितंय, साहेब. एका घागरीसाठी टँकरपुढं अख्खा दिस जायचा. निम्मं मडक्यानंच पिलं तर मामंजींना काय देऊ? म्हनून तपेल्यात आंबवत व्हते.”

“मग तू का नाही प्यायलीस?”

“दोघांला कुठं पुरत व्हती?”

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. ‘प्यायलीस का’ यावर थांबलो, ‘का नाही’ विचारलेच नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत मी कुणाचाही जबाब तिथे तोडला नाही.

कल्हईवाल्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. सुनेला सोडून देण्याचा हुकूम मी स्वतः वाचून दाखवला, अहवालही समजावला. सुटकेचा आनंद होईल असे मला वाटले होते. तिने स्वतःच्या तळहातांकडे पाहिले.

“म्हंजे माज्याच हातानं पाजलं की मी. रोज. अजून घ्या, अजून घ्या म्हनून.”

कोर्टाला तिची निर्दोषता पटायला एक कागद पुरला. तिला ती पटावी म्हणून बदली होईपर्यंत मी चारदा त्या घरी जाऊन आलो. जमले नाही.