घासलेल्या पिना

बंदुका दुरुस्त करणारे मिस्त्री तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. दुकानात कुणी आलं, की आधी माणसाकडे बघायचे, मग त्याच्या बंदुकीकडे. गिऱ्हाईक रागाने धुमसत असलं, तर "स्प्रिंग मागवावी लागेल, महिना जाईल," अशी थाप ठोकून द्यायचे. स्प्रिंगा फळीखालच्या डब्यात ढिगाने पडलेल्या असायच्या. महिन्याभरात बहुतेकांचा राग निवायचा, आणि मिस्त्री स्वतःवरच खूश व्हायचे.

बँकेच्या दारावरचा पहारेकरी मात्र त्यांचा जुना मित्र. त्याला ही थाप माहीत होती, अनेकदा दोघं मिळून तिच्यावर हसले होते. बायको वारल्यापासून तो दाढी वाढवून दुकानात नुसता बसून राहायचा. आपली दुनळी बंदूक त्याने साफ करायला टाकली होती. एकदा नळीला डोळा लावून म्हणाला, "एका काडतुसाचं तर काम आहे रे. सुटेन."

 मिस्त्री तडक बंदुकीच्या परवान्याच्या कचेरीत गेले. तिथले साहेब भले होते.

"तक्रार द्या," साहेब म्हणाले. "डॉक्टर तपासतील, त्याचंही म्हणणं ऐकून घेऊ, तोवर बंदूक आमच्या ताब्यात राहील. पण नुसत्या तुमच्या धास्तीवर कुणाचा हक्क काढून घेता येत नाही."

तक्रार म्हणजे मित्राची चारचौघांत शोभा, वर नोकरीवर गदा. मिस्त्री हात हलवत परत आले.

"बंदूक नसेल तर मला दारात कोण उभं करील?" बंदूक थोडे दिवस इथेच राहू दे, म्हटल्यावर पहारेकरी चिडला. "घरी पोरगी आहे. परवाना माझा, बंदूक माझी. आण इकडे."

मिस्त्रींनी आणली. त्याआधी आत बसून, काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या दोन्ही पिना कानशीने घासून आखूड केल्या. चाप ओढला तर खट् वाजेल, काडतूस उडणार नाही. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा हिशेब. पहारेकऱ्याने नोकरीत एकदाही बार काढला नव्हता, त्याला कळणार कसं? त्या दिवशी मिस्त्री पोटभर जेवले.

पुढे पहारेकरी सावरला. दाढी केली, पोरीच्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागला. मिस्त्रींना मनापासून बरं वाटलं. आता पिना बदलायला हव्या होत्या. पण त्याला बोलवायचं, म्हणजे केलेलं कबूल करायचं. आज बोलावू, उद्या बोलावू, असं होत राहिलं.

मग एका भर दुपारी बँकेवर दरोडा पडला. पहारेकऱ्याने दोनदा चाप ओढला आणि दारातच मारला गेला.

गावात दुसरा जाणकार नव्हता, म्हणून पोलिसांनी बंदूक मिस्त्रींच्याच फळीवर आणून ठेवली. सोबत पहारेकऱ्याची पोरगी होती.

"बार का उडाला नाही, तेवढं बघून सांगा," हवालदार म्हणाला.

मिस्त्रींनी बंदुकीला हातही लावला नाही. "पिना मी घासल्यात," ते म्हणाले. "त्याने जिवाचं बरंवाईट करून घेऊ नये म्हणून." एवढं बोलून त्यांना रडू आवरेना.



"बाबांना सांगायचं तरी होतंत, काका," पोरगी म्हणाली. "बंदूक चालते असं समजूनच ते पुढे गेले. नाहीतर बाकीच्यांसारखे खाली बसले असते."