एकतीस तारखेनंतरची एक

दिवसाआडच्या तारखा काढून देणारा प्रोग्राम कुणी मागितला, की आजही मला आधी थकवाच येतो. काम सोपं आहे हो. संगणकाच्या पोटात महिने नसतातच, दिवसांचा एक सलग आकडा असतो. त्यात दोन-दोन मिळवत जायचं, प्रत्येक आकड्याची पुन्हा तारीख करायची, झालं. पण आमच्या गावात ते चाललं नाही.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. केज तालुक्यातल्या आमच्या गावात दूध संस्थेच्या संगणकावर मी बसायचो. टँकरची पाळीही संस्थाच लावायची. चेअरमनांचा हिशोब साधा होता. एकी तारखेला वरची आळी, बेकी तारखेला खालची वस्ती. मी वरच्या आळीतला. माझी विधवा आत्या खालच्या वस्तीत, एका गाभण म्हशीच्या आधारावर राहायची. एका पाळीचं पाणी दोघींना दोन दिवस कसंबसं पुरायचं. मृगापर्यंत म्हैस टिकवायची, एवढाच तिचा ध्यास.

एप्रिल लागला तशी ती संस्थेत येऊन कडाडली, "महिना सरला की आमचं पानी कुठं जातंय रं? कधी जातंय, कधी न्हाई!"

"उन्हानं डोकं फिरलंय म्हातारीचं," चेअरमन म्हणाले. मीही वैतागलोच होतो. पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि बोटांवर तारखा मोजल्या. एकतीस एकी, आणि तिच्यामागून येणारी एक तारीख, तीही एकी! आम्हाला लागोपाठ दोन दिवस पाणी, आणि खालची वस्ती तीसपासून थेट दोन तारखेपर्यंत कोरडी. महिना तीसचा असला की सगळं बरोबर. म्हणूनच कुणाला पत्ता लागत नव्हता.

त्याच दुपारी मी दिवसाआडच्या तारखा काढून संस्थेच्या दारावर चिकटवल्या. चेअरमनांनी कागद उपटला. "का रं? एकी-बेकी शेरडं राखणाऱ्यालाबी कळतंय. तुझ्या ह्या तारखा कोन पाठ करनार?"

मी भांडलो, लई भांडलो. "एका दिवसानं काय मरतंय का कुनी?" एवढंच उत्तर. शेवटी मीच दमलो.

मे संपला. एकतीसला टँकर आमच्या दारात, एकला पुन्हा आमच्याच दारात. त्या दुसऱ्या दिवशीच्या पाण्याचे दोन कॅन सायकलला बांधून मी भर उन्हात आत्याकडे निघालो. वाटभर चेअरमनांना शिव्या घातल्या.

आत्या उंबऱ्यात बसली होती. पिंपात अर्ध्यापर्यंत पाणी होतं. गोठ्यात दावं नुसतंच पडलेलं. म्हैस गेल्या बाजारी युसूफ वडगावला इकली, म्हणाली.

मी कॅन सोडायला लागलो, तर तिनं माझा हात धरला.

"ने माघारी. आता पुरतंय की मला."