सीलवाल्या टीचर

टीचर पहिल्या दिवशी आमच्या गोदामात शिरल्या त्या चोरासारख्या. अंगावर कॉटनची साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात आमच्याच मालाचा एक खोका. गेटवरच्या वॉचमनने त्यांना सलाम ठोकला. लोडिंगच्या माणसाने "मावशी, जपून हां" म्हणत दार उघडून धरलं. सीलबंद मालाला जवळजवळ खेटून चालत त्या आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आम्ही सगळे ट्रेनिंगला कोणी साहेब येणार म्हणून वाट बघत बसलो होतो. त्यांनी खोका टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मी कोण, हे मला एकानेही विचारलं नाही. खोक्यात काय आहे, तेही नाही. नमस्कार. आता सुरुवात करू या."

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आमचं गोदाम आहे. विमानात प्रवाशांना देतात ती ब्लँकेटं, उशा, चमच्यांची पाकिटं आमच्याकडे भरली जातात, ट्रॉल्यांना सील लागतं आणि माल गाडीने विमानतळावर जातो. पॅकिंगची जबाबदारी माझ्याकडे. सुरक्षेचं ट्रेनिंग आम्हाला नवीन नव्हतं. आधी पडद्यावर एक फिल्म लागायची, अर्धे लोक पेंगायचे, मग सह्या आणि समोसे. टीचर आल्या आणि समोसे राहिले, पेंगणं गेलं.

त्या वसईतल्याच गिरीज गावच्या. बरीच वर्षं विमानतळावर कार्गोच्या तपासणीत होत्या. निवृत्त झाल्यावर हे शिकवायला लागल्या. शाळेत त्यांनी कधीच शिकवलं नव्हतं, पण पहिल्याच दिवसापासून सगळे त्यांना टीचरच म्हणायला लागले. मागे मात्र नाव पडलं 'सीलवाल्या टीचर', कारण बोलताना त्यांच्या बोटांत एक तुटलेलं प्लास्टिकचं सील सतत फिरत असायचं, एखाद्याच्या हातात जपमाळ असावी तसं.

"विचारणं म्हणजे अपमान नव्हे," हे त्यांचं पहिलं वाक्य. ते पाठ करून घेण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्या प्रत्येकाला उभं करून मोठ्याने विचारायला लावत. आमच्यात यशोदा नावाची एक बाई होती, मिठागरांकडच्या गावातली. ट्रॉली एकटीने ढकलेल, पण इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसापुढे तिचा आवाज फुटायचा नाही. टीचर स्वतः इस्त्रीचा शर्टवाला झाल्या आणि ऐटीत तिच्या अंगावर चालून आल्या. यशोदा पदर तोंडाशी धरून पुटपुटली, "कोन हाय तुमी?"

"ऐकू नाही आलं."

"कोन हाय तुमी? कार्ड कुटं हाय?"

कोणीतरी तिच्या बोलण्याला हसलं. टीचर त्याच्याकडे वळल्या. "हसू नका. तिने विचारलं. पहिल्या दिवशी तुम्ही शुद्ध भाषेत गप्प बसला होता."

त्यांचा करारीपणा फक्त आमच्यापुरता नव्हता. एकदा दुपारी त्यांचा थोरला भाऊ गेटवर आला. गिरीजला वाडी करणारा, केळीच्या बागेतून उठून थेट आलेला माणूस. हातात सुकेळ्यांचा, घरी सुकवलेल्या केळ्यांचा, खोका. त्याचा मुलगा दुबईला, नाताळ तोंडावर. भाऊ म्हणाला, "बाय, तुमच्या मालाबरोबर जाऊ दे ना एवढं. घरचीच तर आहेत." टीचरनी खोक्याला हातही लावला नाही. "दादा, घरचं आहे हे तुला माहीत, मला माहीत. विमानतळावरच्या माणसाला कसं कळणार? इथून काही जाणार नाही." भाऊ सगळ्यांसमोर "मोठी झालीस तू" म्हणून तरातरा निघून गेला. दुसऱ्या दिवशी टीचर सुट्टी टाकून वाडीवर गेल्या, त्याला कुरियरच्या ऑफिसात घेऊन गेल्या आणि खोका उघडून दाखवून, तपासून, रीतसर पाठवला. तरी भाऊ नाताळपर्यंत बोलला नाही. "चर्चमध्ये मिस्साला शेजारी बसला," त्या नंतर हसत म्हणाल्या, "पण तोंड समोर, आल्तराकडे."

इतकी कडक बाई, म्हणजे यांच्या आयुष्यात नक्की काहीतरी घडलं असणार, असं आम्ही आपसात बोलायचो. कुणी म्हणे नातेवाईक अपघातात गेला असेल. एकदा जेवताना मी धीर करून विचारलं. टीचर डब्यातले सुके बोंबील माझ्या झाकणावर ठेवत म्हणाल्या, "काही नाही गं. इतकी वर्षं काहीसुद्धा झालं नाही. काही न होणं, हेच तर आपलं काम."

त्या वाक्याची किंमत मला एका शुक्रवारी कळली.

जेवणाची सुट्टी संपली होती. भरून, सील करून ठेवलेल्या ट्रॉल्या मागच्या बाजूला गाडीची वाट बघत उभ्या होत्या. यशोदाने मला हाक मारली. एका ट्रॉलीचं सील तुटून लोंबत होतं. ट्रॉली कशावर तरी आपटली होती की कोणी मुद्दाम ओढलं होतं, कळायला मार्ग नव्हता. तिथे पहारा असायला हवा होता, तो नव्हता. आणि मागच्या बाजूचा कॅमेरा दोन दिवसांपासून बंद होता.

गाडी आली, तशी मी ती थांबवून ठेवली. तेवढ्यात आमचे मॅनेजर आले. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण विमानाच्या वेळा त्यांच्या मानेवर बसलेल्या असत. "नवीन सील लावा आणि सोडा," ते म्हणाले.

"साहेब, आधी सगळा माल उघडून तपासावा लागेल. इतर ट्रॉल्यांचासुद्धा."

"ब्लँकेटं आहेत सुनीता, ब्लँकेटं! विमान चुकलं तर उत्तर कोण देणार? तू?"

नवऱ्याची कंपनी नुकतीच बंद झाली होती, घर माझ्या पगारावर चालत होतं. तरी मी म्हटलं, "सील मी लावणार नाही. तुम्ही लेखी द्या, मग दुसऱ्या कोणालाही लावायला सांगा." आणि टीचरना फोन केला.

त्या गिरीजहून स्कूटर हाणत आल्या. आल्या आल्या साहेबांशी एक शब्द बोलल्या नाहीत. पदर खोचला आणि म्हणाल्या, "उघडा." आम्ही एकेक ब्लँकेट झटकलं, एकेक उशी चाचपली. यशोदाच्या घामाचे थेंब जमिनीवर टपटपत होते. साहेब फोनवर माफी मागत येरझाऱ्या घालत होते. माल पुन्हा भरून होईपर्यंत विमान गेलं होतं. आणि सापडलं काय? काहीही नाही.

सोमवारी मला मालकांच्या केबिनमध्ये बोलावलं. टीचर न बोलावता माझ्याबरोबर आल्या. मालक मला काही बोलण्याआधीच म्हणाल्या, "तिने केलं ते मी शिकवलं म्हणून. बोलायचं ते मला बोला."

"मॅडम, काही सापडलं तरी असतं तर गोष्ट वेगळी."

"सापडलं नाही हे तुम्हाला कशावरून कळलं? तिने उघडलं म्हणून. नुसतं सील लावून सोडलं असतं, तर आज आपण दोघंही फक्त आशा करत बसलो असतो."

माझी नोकरी वाचली. टीचरचं काम गेलं. त्यांच्या जागी परत ती फिल्म आली. मी रडले तेव्हा त्या माझ्यावरच वैतागल्या. "मी शिकवायला आले होते, राहायला नाही. तू आहेस ना तिथे?"

दोन-तीन महिन्यांनी माल घेणाऱ्या विमान कंपनीचे तपासनीस आले. त्यांनी त्या शुक्रवारची चौकशी केली, मला आणि यशोदाला वेगवेगळं बसवून विचारलं. आम्ही घडलं ते सांगितलं. जाताना ते मालकांना म्हणाले, की त्या दिवशी गाडी सोडली असती तर तुमच्याकडून माल घेणं आम्ही बंद केलं असतं. आठवड्याभरात मालकांनी टीचरना परत बोलावलं. त्या यायला तयार झाल्या, पण एका अटीवर: साहेबांनी वर्गात बसायचं, पाहुणे म्हणून नाही, आमच्यात. साहेब बसले. यशोदाने त्यांना कार्ड विचारलं, त्यांनी खिसे चाचपले, आणि मग तेच सगळ्यांत मोठ्याने हसले. त्याच आठवड्यात मागचा कॅमेराही दुरुस्त झाला.

पुढच्या वर्षी टीचरना घशाचा आजार झाला. ऑपरेशननंतर आवाज जवळजवळ गेलाच. आम्हाला वाटलं, आता संपलं. पण ठरलेल्या दिवशी त्या बूट घालून हजर. मला पुढे उभं केलं आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. मी बोलायचे. चुकले की त्या टेबलावर बोट आपटायच्या. घाई केली तरी आपटायच्या. तास संपल्यावर माझ्या कानाशी येऊन कसाबसा एक घोगरा शब्द काढला, "बरं." त्यांच्याकडून मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि शेवटची.

त्या गेल्या तेव्हा गिरीजच्या चर्चमध्ये आमचं अर्धं गोदाम होतं. यशोदाने आयुष्यात पहिल्यांदाच चर्चमध्ये पाऊल ठेवलं. मातीच्या वेळी साहेब माझ्या पुढे होते. मूठभर माती टाकून ते बाजूला झाले आणि रुमाल शोधू लागले. टीचरच्या भावाने आपला रुमाल त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी नवीन मुलींचं ट्रेनिंग ठरलेलं होतं. सकाळी नवरा म्हणाला, "आज राहू दे, पुढे ढकल." मी डबा भरला आणि मनवेलपाड्याच्या घरून निघाले.

वर्गात पहिल्या रांगेत एक लाजरी मुलगी होती, नुकतीच कामाला लागलेली. तिने हात वर केला. "मॅडम, आपण अडवलं आणि समोरचा माणूस रागावला तर?"

टेबलावर बोट आपटणारं आता कोणी नव्हतं. मी पाणी प्यायले आणि माझं मीच उत्तर दिलं.

"रागावू दे. रागावलेला माणूससुद्धा संध्याकाळी घरी सुखरूप पोचला पाहिजे. आपण उभ्या आहोत त्या तेवढ्याचसाठी."